दर सेटला दोन रॅली : आपली टीम काल भारी आणि आज ढेपाळलेली, असं का होतं?

ज्यांना ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. आज आकडे थोडे जास्त आहेत. ऐकताना ते पटापट निघून जातात, इथे सावकाश वाचा.

आजचा विषय कॉलेजची व्हॉलीबॉल टीम. मला लातूरहून, नांदेडहून, अहमदपूरहून सारखे मेसेज येतात आणि सगळ्यांचा सूर एकच असतो : "ताई, आमची टीम मोठ्या टीमला हरवते आणि दुसऱ्या दिवशी कुणाकडूनही हरते. ह्यांच्यावर जीव लावायचा की नाही?" प्रश्न माझाही आहे, म्हणून आधी माझीच गोष्ट सांगते.

दोन दिवस, दोन टीम

मी लातूरच्या एका कॉलेजच्या मुलींच्या टीममध्ये दोन वर्षं होते. होते म्हणजे बाकावर होते. पाण्याच्या बाटल्या भरणं, स्कोअर लिहिणं आणि ओरडणं ही माझी मुख्य कामं. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात काही जणांचं वागणं बरं नव्हतं, आणि त्या काही जणांत मीही आहे.

गेल्या हंगामातली गोष्ट. स्पर्धा नांदेडला होती. पहाटेची एसटी धरून चाकूर, अहमदपूर, लोहा करत आम्ही सात-आठ जुन्या-नव्या पोरी टीमच्या मागे गेलो. सुमारे १४० किलोमीटर. पहिल्या दिवशी आमच्या टीमने अशा टीमला हरवलं जिच्यासमोर आमचं आधीची तीन वर्षं काही चाललं नव्हतं. ३-१. मैदानाबाहेर आम्ही इतक्या नाचलो की चहावाल्याने विचारलं, लग्न आहे का कुणाचं. रात्री ग्रुपचा डीपी बदलला. कुणीतरी 'चॅम्पियन' लिहून टाकलं सुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेमीफायनल. समोरची टीम कालच्यापेक्षा साधी. आणि आम्ही ०-३ हरलो. दुसऱ्या सेटला तर १८-१४ ने पुढे होतो. तिथे त्यांची एक बारकीशी मुलगी सर्व्हिसला आली आणि सलग सहा पॉइंट घेऊन गेली. १८-२०. तिथून आमची टीम उठलीच नाही.

माझ्या शेजारी एक काका उभे होते. दोन्ही दिवस आलेले, आमच्या कुणाचेही नातेवाईक नाहीत, नुसती खेळाची आवड. ते म्हणाले, "काल वाघिणी होत्या की ओ! आज काय खेळायल्यात ह्या?"

परतीच्या एसटीत ग्रुप पेटला. डोक्यात हवा गेली. मनच नव्हतं खेळात. रात्री झोपल्या नसतील, रील करत बसल्या असतील. आणि एक मेसेज होता : "आज लिफ्टरनी मॅच घालवली, तिला बदला." हा शेवटचा मेसेज मी लिहिला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पुस्तकात जिला सेटर म्हणतात तिला आपल्याकडे लिफ्टर म्हणतात, कुठे कुठे बूस्टर. समोरून सर्व्हिस आली की एक जण पास देते, दुसरा टच लिफ्टरचा, ती बॉल उंच उभा करून देते, आणि तिसरी स्मॅश मारते. बॉल जवळजवळ प्रत्येक रॅलीत लिफ्टरच्या हातून जातो. म्हणून टीम हरली की सगळ्यात आधी तीच दिसते.

आमची लिफ्टर सेकंड इयरला होती आणि त्याच ग्रुपमध्ये होती. त्या रात्री ती ग्रुपमधून बाहेर पडली. आठवडाभर ग्राउंडवर आली नाही. घरी तिच्या मागे आधीच प्रश्न चालू होता की खेळून काय मिळणार. त्या प्रश्नाला मी आयतं उत्तर देऊन बसले होते.

दोन्ही मॅचचा व्हिडिओ एका खेळाडूच्या भावाने मोबाइलवर काढला होता. मी तो मागवून घेतला. खरं सांगते, माफी मागायला नाही. माझंच म्हणणं बरोबर आहे हे दाखवायला. वही-पेन घेऊन बसले, प्रत्येक रॅली थांबवून थांबवून पाहिली. आणि मोजून झाल्यावर वही बाजूला ठेवली. लिफ्टरच्या चुका दोन्ही दिवशी जवळपास सारख्याच होत्या. बदललं होतं ते तिच्याकडे येणारा पहिला पास.

आधी थोडं गणित, घाबरू नका

हे गणित नीट परीक्षेचं नाही.

आजच्या नियमात प्रत्येक रॅलीला कुणाला ना कुणाला पॉइंट मिळतो. पूर्वी असं नव्हतं. ज्याची सर्व्हिस त्यालाच पॉइंट, आणि सेट १५ चा. आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ मध्ये रॅली पॉइंटचा नियम घेतला, आणि आता पहिले चार सेट २५ चे, पाचवा १५ चा, आणि जिंकायला दोनचा फरक लागतो. म्हणजे एका अटीतटीच्या सेटमध्ये साधारण ४५ ते ५० रॅली होतात.

आता समजा दोन टीम अगदी सारख्या आहेत. शंभर रॅलीत पन्नास ह्यांच्या, पन्नास त्यांच्या. मॅच कुणाची? नाणं उडवा.

आता आपली टीम किंचित बरी धरा. शंभरात ५२ रॅली आपल्या. प्रत्येक रॅलीला शक्यता तेवढीच असं धरून हिशोब केला, तर एक सेट जिंकायची शक्यता येते साधारण ६१ टक्के आणि पाच सेटची मॅच जिंकायची साधारण ७० टक्के. शंभरात ५५ असतील तर मॅच जिंकायची शक्यता ९० च्या आसपास जाते. आणि उलट, ५२ च्या ४८ झाल्या तर? मॅच जिंकायची शक्यता ७० वरून थेट ३० वर.

आता बघा, ५२ आणि ४८ मधला फरक एका सेटमध्ये किती दिसतो. ४५ रॅलीत ५२ टक्के म्हणजे साडेतेवीसच्या आसपास, ४८ टक्के म्हणजे साडेएकवीसच्या आसपास. फरक दोन रॅलींचा.

दर सेटला फक्त दोन रॅली इकडच्या तिकडे गेल्या की जी टीम दहातल्या सात मॅच जिंकते ती दहातल्या तीनच जिंकते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं ही टीमच वेगळी आहे. काल वाघिणी, आज शेळ्या. आत मात्र बदल दोन बॉलचा असतो.

व्हॉलीबॉलचा स्कोअर छोटा फरक मोठा करून दाखवतो. रॅलीतला फरक सेटमध्ये वाढतो, सेटमधला मॅचमध्ये. म्हणून "ह्यांचं मनच नव्हतं" असं म्हणण्याआधी विचारायला पाहिजे, त्या दोन रॅली गेल्या कुठे?

सलग सहा पॉइंट कसे जातात

मोठ्या पातळीवर सर्व्हिस करणाऱ्या टीमपेक्षा सर्व्हिस घेणाऱ्या टीमला ती रॅली जिंकायची संधी जास्त असते. कारण सोपं आहे, पहिला अटॅक तिला मिळतो. पण त्यासाठी पास चांगला बसला पाहिजे. पास वाकडा गेला की हा फायदा संपला.

समजा एखादी टीम समोरच्याच्या सर्व्हिसवर दहातल्या सहा रॅली जिंकते. तर समोरच्या एका सर्व्हरने तिच्याकडून सलग पाच किंवा जास्त पॉइंट घ्यायची शक्यता जेमतेम एक टक्का. आता हेच प्रमाण साठावरून पंचेचाळीसवर आणा. ती शक्यता होते पाच टक्के. पाच टक्के कमी वाटतात, पण एका सेटमध्ये समोरच्या टीमला साधारण दहा वेळा सर्व्हिस मिळते असं धरा. मग असा एक तरी झटका बसण्याची शक्यता पहिल्या टीमसाठी दहा सेटमध्ये एकदा, आणि दुसऱ्या टीमसाठी दहा सेटमध्ये चारदा.

म्हणजे ज्याला आपण "टीम अचानक कोसळली" म्हणतो, ते कच्च्या रिसीव्हच्या टीमच्या बाबतीत अचानक नसतं. ते ठरल्यासारखंच असतं, फक्त कोणत्या सेटला होईल ते माहीत नसतं.

आणि नियमातली एक गोष्ट ह्यात तेल ओतते. व्हॉलीबॉलमध्ये समोरच्याची सर्व्हिस तोडली तरच आपली टीम एक जागा फिरते, म्हणजे रोटेशन होतं. सर्व्हिस तुटली नाही तर तुम्ही तिथेच, त्याच जागांवर, त्याच सर्व्हरसमोर उभ्या. त्यात बहुतेक टीम एकच लिफ्टर घेऊन खेळतात. सहापैकी तीन रोटेशनमध्ये ती लिफ्टर पुढच्या रांगेत असते, तेव्हा नेटवर स्मॅशर उरतात दोनच. त्यातलंच एखादं रोटेशन कच्चं असतं, कारण जिचा रिसीव्ह कच्चा तीच बरोबर सर्व्हिसच्या वाटेत उभी असते. समोरच्या टीमच्या सरांना हे दिसलं की ते आपल्या मुलीला एवढंच सांगतात, "तिच्यावर टाक." मग टीम त्या एका खड्ड्यात अडकते. सहा पॉइंट जातात आणि आपण बाहेरून ओरडतो, "अगं हलवा की पाय!"

आमच्या १८-१४ ला हेच झालं होतं. व्हिडिओत स्पष्ट दिसतं. सहाच्या सहा सर्व्हिस एकाच मुलीच्या दिशेने. सहापैकी एकदाही लिफ्टरला नेटजवळ उभं राहून बॉल मिळाला नाही. दोनदा तर ती एंडलाइनकडे पळत गेली आणि खाली वाकून बॉल कसाबसा वर काढला. मी बाहेरून पाहिलं तेव्हा मला दिसलं एवढंच, की लिफ्ट वाकडी गेली.

मग पास का बिघडला?

पहिला दिवस मैदानावर होता, मातीच्या कोर्टवर. दुसऱ्या दिवसाची मॅच हॉलमध्ये.

आपल्या बहुतेक पोरी मातीवर शिकतात. संध्याकाळी ग्राउंडला पाणी मारायचं, चुन्याने लाइन आखायच्या, अंधार पडेपर्यंत खेळायचं. पाणी मारलं नाही तर धूळ आणि घसरण. आणि पाणी म्हणजे लातूरमध्ये काय चीज आहे ते मी सांगायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. अशा वेळी कोर्टवर पाणी मारा असं म्हणायला तोंड तरी उघडतं का कुणाचं?

मातीवर पाय थोडा रुततो, थोडा सरकतो, शरीराला त्याची सवय होते. हॉलच्या फरशीवर पाय पटकन थांबतो. वर आभाळाऐवजी छत आणि दिवे असतात, त्यामुळे बॉल किती लांब आहे याचा डोळ्याचा अंदाज चुकतो. हा फरक सरावाने एक-दोन आठवड्यांत भरून निघतो. पण आमच्या टीमला हॉल मिळाला तो थेट सेमीफायनलला.

आणि समोरची ती बारकीशी मुलगी फ्लोटर टाकत होती. फ्लोटर म्हणजे बॉल न फिरवता मारलेली सर्व्हिस. बॉल स्वतःभोवती फिरत नाही, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंनी हवा एकसारखी सुटत नाही, आणि तो शेवटच्या क्षणी डावी-उजवीकडे सरकतो किंवा एकदम खाली पडतो. दिसायला एकदम साधी. प्रेक्षकांना वाटतं, "एवढी सोपी सर्व्हिस घेता येईना?" ज्यांनी गावात शूटिंग व्हॉलीबॉल बघितलंय त्या आपल्या काकांना जोरात मारलेला बॉल अवघड वाटतो. पण रिसीव्ह करणाऱ्याला विचारा, जोरात येणारा सरळ बॉल परवडतो, हा डुलत येणारा नको.

आता दुसरं कारण, आणि हे आपल्या भागाचं खास आहे. लातूर पॅटर्न सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. अकरावी-बारावी म्हणजे लातूरचा ट्यूशन एरिया, नाहीतर नांदेडचे क्लासेस. सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी टेस्ट. शाळेत चांगलं खेळणारी मुलगी ह्या दोन वर्षांत ग्राउंडचं तोंड बघत नाही. मग फर्स्ट इयरला परत येते तेव्हा स्मॅश लवकर परत येतो, कारण तो ताकदीचा आणि उडीचा भाग. रिसीव्ह परत यायला वेळ लागतो, कारण तो हजारो बॉल घेऊन आलेला अंदाज असतो. मी कुणाच्या आईवडिलांना दोष देत नाही. माझ्याही घरी हेच झालं. पण टीम बघताना हे डोक्यात असू द्या, की कोर्टवर उभ्या असलेल्या सहा जणींतल्या तीन-चार जणींच्या खेळात दोन वर्षांचा खड्डा आहे.

तिसरं, डिग्री तीन वर्षांची. दरवर्षी दोन-तीन सीनियर जातात, नव्या येतात. "तुझा की माझा" हे दोघींमधलं न बोलता ठरलेलं असतं, आणि ते जुळायला वेळ लागतो. मधोमध पडलेला बॉल आणि एकमेकींकडे बघणाऱ्या दोघी, हे दृश्य तुम्ही किती वेळा पाहिलंय? तो एक पॉइंट. असे दोन झाले की आपला सत्तर टक्क्यांचा हिशोब तीसवर.

चार मॅचचा हंगाम

आता जरा लांब जाऊ. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठाची मुलींची व्हॉलीबॉल टीम आहे. ३० ऑगस्ट २०२३ ला त्यांची मॅच लिंकन शहरातल्या फुटबॉलच्या स्टेडियममध्ये ठेवली होती. प्रेक्षक किती आले? ९२,००३. कॉलेजच्या मुलींची व्हॉलीबॉल मॅच बघायला ब्याण्णव हजार माणसं! त्या हंगामात नेब्रास्काने ३५ मॅच खेळल्या आणि ३३ जिंकल्या. हरल्या फक्त दोन. आणि त्या दोनातली एक होती राष्ट्रीय फायनल, टेक्सासविरुद्ध, तीही ०-३.

ह्यातून मला दोन गोष्टी घ्यायच्या आहेत. एक, इतकी तगडी टीमसुद्धा नेमक्या मोठ्या दिवशी तीन सेटमध्ये संपू शकते. तेव्हा आपल्या पोरींना "प्रेशर झेपत नाही" म्हणताना जरा थांबा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तिथे एका हंगामात तीसेक मॅच असतात. तीस मॅचमध्ये नशीब इकडे-तिकडे होऊन टीमची खरी पातळी दिसते, आणि चुका दुरुस्त करायला पुढची मॅच चार दिवसांवर असते.

आपल्याकडे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात. कॉलेजची टीम आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळते, त्यातून विद्यापीठाची टीम निवडली जाते, ती पुढे पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाते, शिवाय राज्यातल्या विद्यापीठांचा क्रीडा महोत्सव असतो. आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धांसारखा नॉकआउट ड्रॉ असला, की हरलात तर बॅग भरा. बऱ्याच कॉलेज टीमचा अख्खा हंगाम तीन-चार मॅचमध्ये संपतो.

आता आपलं जुनं गणित आणा. समजा तुमची टीम खरंच बरी आहे, प्रत्येक मॅच जिंकायची शक्यता ७० टक्के. नॉकआउटमध्ये सलग चार मॅच जिंकायची शक्यता किती? ०.७ ला चार वेळा गुणा. २४ टक्के. म्हणजे सगळ्यांपेक्षा सरस असलेली टीमसुद्धा चार वर्षांत एकदा चॅम्पियन होणार आणि तीन वर्षं आपण तिला शिव्या घालणार. वेळ वाचवायला मॅच तीन सेटची ठेवली तर ७० चे ६६ होतात, म्हणजे नशिबाचा हात आणखी मोठा. टीव्हीवर प्राइम व्हॉलीबॉल लीग बघत असाल तर तिथे सेट १५ पॉइंटचा असतो, तिथेही तेच. सेट जितका छोटा तितके धक्के जास्त. बघायला मजा येते, पण त्यावरून टीमची लायकी ठरवायची नसते.

आणि आपल्या मुलींसाठी ह्या चार मॅच नुसत्या चार मॅच नसतात. ह्याच मॅचमध्ये निवड समिती बघत असते. विद्यापीठाच्या टीममध्ये नाव आलं तर पुढच्या स्पर्धा, पुढचं प्रमाणपत्र. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि तिथे तुम्ही कोणत्या पातळीवर कोणतं पदक मिळवलं हे बघतात. ज्या घरात "खेळून काय मिळणार" हा प्रश्न रोज जेवताना विचारला जातो, तिथे हे उत्तर लागतं. दोन बॉल इकडे-तिकडे गेल्याने टीम सेमीला बाहेर पडते, आणि त्या बॉलबरोबर एखादीचं उत्तरही जातं. वर आपण ग्रुपवर लिहितो, तिला बदला.

मग फॅननी करायचं काय?

राग येणारच. एसटीचं तिकीट काढून, लेक्चर बुडवून गेलेल्या माणसाला राग येणार नाही तर काय? मी म्हणते, राग ठेवा, पण नेमका ठेवा. आणि त्यासाठी तुमच्या हातात मोबाइल आहे.

एक सोपी पद्धत सांगते. जगभर कोच हीच किंवा अशीच वापरतात. मॅच बघताना आपल्या टीमच्या प्रत्येक रिसीव्हला शून्य ते तीन मार्क द्या.

तीन : लिफ्टर नेटजवळ आपल्या जागी उभी आहे आणि कुणालाही बॉल देऊ शकते.
दोन : तिला दोन-तीन पावलं हलावं लागलं, पण दोन पर्याय शिल्लक आहेत.
एक : ती पळत गेली, आता एकाच मुलीला उंच बॉल देण्यापलीकडे काही नाही.
शून्य : रिसीव्ह झालाच नाही, थेट पॉइंट गेला.

नोट्स ॲपमध्ये आकडे टाकत जा, सेट संपला की सरासरी काढा. सोबत एवढंच लिहा, सलग चार-पाच पॉइंट गेले तेव्हा सर्व्हिस कुणावर येत होती. बस. दोन-तीन मॅच असं केलं की तुम्हाला टीम वेगळीच दिसायला लागते. सरांनी टाइमआउट का घेतला ते कळतं. एका सेटला ३० सेकंदांचे दोनच मिळतात, त्यामुळे तीन पॉइंट गेल्यावर घ्यायचा की सहा गेल्यावर, हा मोठा प्रश्न असतो. लिबेरोला कुठे उभं केलंय ते दिसतं. आणि "लिफ्टरनी घालवली" हे वाक्य तोंडातून सहज निघत नाही.

दुसरी गोष्ट कॉलेजवाल्यांसाठी, माजी खेळाडूंसाठी. चार मॅचचा हंगाम आपण दहा मॅचचा करू शकतो. लातूर, अहमदपूर, नांदेड ही एका रस्त्यावरची गावं. दिवाळीच्या आधी दोन-तीन रविवार मैत्रीच्या मॅच ठेवल्या, एकदा मातीवर आणि एकदा कुठला तरी हॉल मागून घेऊन, तर खर्च एसटीचा आणि वडापावचा. पण पोरींना अनोळखी सर्व्हिस घ्यायला मिळेल. घरच्या ग्राउंडवर रोज त्याच मैत्रिणीची सर्व्हिस घेऊन रिसीव्ह पक्का होत नाही.

वही

तर मी वही घेऊन तिच्याकडे गेले. आमच्या लिफ्टरकडे. कॉलेजच्या गेटबाहेर उभी होती. मी आधी माफी मागितली, मग वही उघडून दाखवली. पहिल्या मॅचमध्ये बहुतेक दोन आणि तीन. दुसऱ्या मॅचमध्ये एक, एक, शून्य, एक.

तिने बराच वेळ ते पान बघितलं. मला वाटलं म्हणेल, बघा, माझी चूक नव्हती. ती म्हणाली, "ताई, हे तिला नका दाखवू." तिला म्हणजे जिच्यावर त्या सहा सर्व्हिस आल्या होत्या, फर्स्ट इयरची मुलगी. "आता सगळे तिच्यावर येतील."

मला तोपर्यंत हे सुचलंच नव्हतं. मी एकीवरचा दोष काढून दुसरीवर टाकायला निघाले होते. ते पान मी ग्रुपवर टाकलं नाही. सरांना दाखवलं. सरांनी शांतपणे एक गोष्ट केली, रोज शेवटची वीस मिनिटं नुसती फ्लोटर सर्व्हिस आणि रिसीव्ह. लिफ्टर परत आली. ग्रुपमध्ये मात्र अजून आलेली नाही, आणि ते तिचं बरोबरच आहे.

ह्या वर्षी टीम कशी आहे, असं विचाराल तर सांगते. पहिली मॅच जिंकली, दुसरी हरली. म्हणजे जशी होती तशीच, वर-खाली. पण हरलेल्या मॅचमध्ये रिसीव्हची सरासरी गेल्या वर्षीच्या जिंकलेल्या मॅचच्या जवळ होती, आणि सलग पाच पॉइंट एकदाही गेले नाहीत. समोरची टीम त्या दिवशी सरस होती, एवढंच. काका भेटले होते. म्हणाले, "हरल्या, पण खेळल्या." मी त्यांना वही दाखवली, तर म्हणाले, "पुढच्या वेळी मला पण एक पेन आण गं."

तुमच्या कॉलेजच्या पुढच्या मॅचला एक सेट तरी मोजून बघा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. खेळाडूंची नावं न घेता. चला, भेटू पुढच्या भागात.